गावाच्या आरोग्य समितीला उत्तर मागण्याचा अधिकार हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली ग्रामपंचायतींचे आराखडे तयार होतात. त्यासाठी ठरवून दिलेल्या नऊ संकल्पनांमध्ये ‘आरोग्यदायी गाव’ ही एक संकल्पना आहे आणि बऱ्याच ग्रामपंचायती ती मोठ्या हौसेने निवडतातही. मात्र असा एखादा आराखडा उघडून या शीर्षकाखालील कामे वाचली, तर उपकेंद्राची रंगरंगोटी, आवारात पेव्हर ब्लॉक आणि फार तर कुंपणाची भिंत एवढाच ऐवज बहुधा हाती लागतो. आपल्या गावात गेल्या वर्षी किती बाळंतपणे घरी झाली, किती बालके दगावली, आरोग्यसेविकेचे पद किती महिने रिकामे होते, पिण्याच्या पाण्याचे नमुने किती वेळा दूषित आले, यांपैकी एकाही प्रश्नाचा मागमूस त्या कागदांत नसतो. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात अनेक वर्षे आरोग्य सहायक म्हणून काम करून मी निवृत्त झालो असून, या विषयावर काही मजकूर आपल्या वाचकांपुढे ठेवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

गावाच्या आरोग्याची व्यवस्था गावाने पाहावी, ही कल्पना मुळीच नवी नाही. १९४६ साली देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने आपल्या अहवालात गावपातळीवरील आरोग्य समित्यांची शिफारस केली होती. १९७८ च्या अल्मा आटा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेच्या जाहीरनाम्याने लोकांचा सहभाग हा प्राथमिक आरोग्यसेवेचा पायाच ठरवला. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती झाली, ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि तिने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत आरोग्य व स्वच्छता, रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि दवाखाने हा विषय पंचायतींकडे सोपवण्याजोगा म्हणून नोंदला गेला. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्याबरोबर ‘आशा’ आली, गावाची आरोग्य समिती आली आणि त्या समितीला वर्षाला १० हजार रुपयांचा अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधीही आला. पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता हे विषय जोडले गेल्याने समितीचे नाव लांबत गेले, तिचे काम मात्र त्या प्रमाणात वाढले नाही.

ही समिती कागदावर कशी असावी, हे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत नीट सांगितलेले आहे. ग्रामपंचायतीच्या निर्वाचित सदस्याने, शक्यतो महिला सदस्याने, अध्यक्ष व्हावे, आशाने सचिवपद सांभाळावे, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असाव्यात, वंचित वस्त्यांना प्रतिनिधित्व मिळावे आणि दरमहा बैठक व्हावी. प्रत्यक्षात काय होते, हे त्या कामात असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बैठकीचे इतिवृत्त आधी लिहिले जाते, वही घेऊन कोणीतरी घरोघर फिरते आणि सह्या व अंगठे गोळा होतात. सदस्य असलेल्या बाईला आपण सदस्य आहोत हे पुष्कळदा त्या वहीवर अंगठा उठवतानाच कळते. निधी वर्ष सरता सरता खात्यावर जमा झाला की मार्चअखेर तो खर्ची टाकण्याची घाई होते आणि मग सतरंज्या, खुर्च्या, भिंतीवरची घोषवाक्ये आणि एखादा वजनकाटा यांची बिले लागतात. उपयोगिता प्रमाणपत्र वर गेले की समितीचे त्या वर्षापुरते काम संपते. यात कोणी पैसे खाल्ले असे माझे म्हणणे नाही. बहुतेक ठिकाणी हिशेब चोख असतो. पण ज्या कामासाठी समिती नेमली ते काम हिशेबाच्या वहीत मावणारे नव्हते, ही खरी अडचण आहे.

मग ते काम कोणते? एक साधा प्रसंग सांगतो. एका गट ग्रामपंचायतीतील वाडीवर लसीकरणाच्या सत्राला बालके कमी येत असत. आमच्या नोंदवहीत ‘लाभार्थी गैरहजर’ असा शेरा पडे आणि मासिक सभेत त्या वाडीचे लोक उदासीन असल्याचे आम्ही सांगत असू. समितीची बैठक एकदा कधी नव्हे ती खरोखरच भरली. अंगणवाडीच्या पडवीत पंधरा-वीस माणसे बसली होती. त्यात भाजी विकणारी एक बाई आरोग्यसेविकेला म्हणाली, “सिस्टर, तुमचा सुईचा वार आणि तालुक्याचा बाजार एकाच दिवशी येतो. आम्ही पहाटेच टोपल्या घेऊन निघतो. पोरं कुणी आणायची?” कोणीही रागावले नाही, कोणाची चौकशीही लागली नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कृती आराखड्यात सत्राचा वार बदलला आणि पुढच्या महिन्यापासून पडवी भरू लागली. याला एक पैसा लागला नाही. लागले ते एवढेच, की जिला माहिती होती तिला बोलायला जागा मिळाली आणि ज्याच्या हाती वार बदलणे होते तो समोर बसलेला होता. समितीचे काम हे आहे. दहा हजार रुपये हा त्यातला सर्वांत किरकोळ भाग आहे.

पाण्याचेच उदाहरण घ्या. साथीच्या काळात सर्वांत आधी विचारला जाणारा आणि साथ ओसरताच विसरला जाणारा हा विषय आहे. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता तपासणी होते आणि तिच्या निष्कर्षानुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. व्यवस्था उत्तम आहे. पण आपल्या ग्रामपंचायतीला कोणत्या रंगाचे कार्ड मिळाले आहे, हे किती ग्रामस्थांना सांगता येईल? ते कार्ड कार्यालयाच्या कपाटात असते. त्याच कार्यालयाच्या कोपऱ्यात टीसीएल पावडरचे, म्हणजे पाणी शुद्ध करण्याच्या ब्लीचिंग पावडरचे, पोते असते, बहुधा तोंड उघडे आणि भिंतीची ओल लागलेले. ताज्या पावडरीत क्लोरीनचे प्रमाण ३३ टक्क्यांच्या आसपास असते. हवा आणि ओल लागली की ते झपाट्याने घसरते आणि २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर शुद्धीकरणाच्या उपयोगाची राहत नाही. त्यामुळे नोंदवहीत रोज शुद्धीकरण झाल्याची सही असते आणि नळाला येणाऱ्या पाण्यात क्लोरीन नसतो, असे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. पावडर बादलीत कालवून, चुन्याचा साका खाली बसू देऊन, वरचे पाणी टाकीत ओतायचे आणि तासभर थांबायचे, एवढी ती कृती आहे. क्लोरीन आहे की नाही हे पाहण्याची ओटी चाचणी तर त्याहून सोपी आहे. नळीत पाणी घेऊन द्रावणाचे थेंब टाकले आणि रंग पिवळा झाला की क्लोरीन आहे, नाही झाला की नाही. बचत गटातील कोणतीही स्त्री हे एका दुपारी शिकू शकते. तिने ही चाचणी टाकीजवळच्या नळावर करून भागणार नाही. नळयोजनेच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरी ती केली पाहिजे, कारण क्लोरीन तिथपर्यंत पोहोचतो की नाही यावरच खरा निकाल ठरतो, आणि ते शेवटचे टोक बहुतेक गावांत कोणत्या वस्तीत असते हे मराठी वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

लोकांच्या हाती आरोग्य सोपवले तर काय घडते, याचे दाखले शोधण्यासाठी आपल्याला परराज्यात जावे लागत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले, तेव्हा गावाने निवडलेल्या आणि बहुधा निरक्षर, पुष्कळदा दलित समाजातील स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले. त्या स्त्रियांनी गर्भवतींची तपासणी, बालकांची वजने, अतिसारात मीठ-साखरेचे पाणी ही कामे तर केलीच, पण त्यांच्यामुळे गावाच्या बैठकीत आजाराविषयी बोलण्याची सवयही लागली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्याचे शिक्षण दिले. तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि पुढे याच पद्धतीवर देशभरातील आशांच्या गृहभेटींचा कार्यक्रम उभा राहिला. या दोन्ही ठिकाणी तज्ज्ञ डॉक्टर होते, त्यांची निष्ठा असामान्य होती आणि तशी माणसे प्रत्येक तालुक्याला मिळणार नाहीत, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच व्यक्तींच्या पुण्याईवर न चालणारी, नियमाने चालणारी रचना लागते.

तशी रचना करण्याचा प्रयत्नही याच राज्यात झाला आहे. २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाअंतर्गत निवडक जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख आणि नियोजनाची प्रक्रिया सुरू झाली. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने तिचे राज्यपातळीवरील संयोजन केले. गावकऱ्यांनी एकत्र बसून उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी यांच्या सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा, तो अहवालफलक गावात लावायचा आणि मग जनसुनवाईत वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी यांच्यासमोर प्रश्न मांडायचे, असे तिचे स्वरूप होते. बाहेरून औषधे आणायला लावणे, मोफत असलेल्या सेवेसाठी पैसे मागणे, मुख्यालयी न राहणे अशा तक्रारी तेथे भर सभेत मांडल्या गेल्या. आमच्यापैकी अनेकांना या सुनवाया सुरुवातीला जाचक वाटत. पण रिक्त पदे, औषधांचा तुटवडा, नादुरुस्त वाहन याविषयी आम्ही वर्षानुवर्षे पाठवलेल्या पत्रांना जे उत्तर मिळत नव्हते, ते गावकऱ्यांनी विचारल्यावर मिळू लागले, हेही कर्मचाऱ्यांच्या लक्षात आले. आज ही प्रक्रिया पूर्वीच्या जोमाने चाललेली दिसत नाही. अनुदानावर चालणारा प्रकल्प अनुदानाबरोबर मंदावतो. कायद्यात किंवा निदान कायमस्वरूपी शासन निर्णयात बसवलेली गोष्ट तितक्या सहजी मंदावत नाही.

इतर राज्यांनी हे कायद्याने आणि अधिकाराने केले आहे. केरळने १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेच्या सुमारास प्राथमिक आरोग्य केंद्रे ग्रामपंचायतींकडे सोपवली. २००८ साली तेथे परिहार सेवेचे, म्हणजे गंभीर आजारातील वेदना व त्रास कमी करणाऱ्या सेवेचे (पॅलिएटिव्ह केअर), धोरण आले आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाणारी परिचारिका पंचायतीच्या निधीतून नेमण्याची पद्धत रुजली. नागालँडने २००२ साली सार्वजनिक संस्था व सेवांच्या सामुदायीकरणाचा कायदाच केला आणि उपकेंद्रातील कर्मचाऱ्यांच्या हजेरीवर व वेतनवाटपावर गावाच्या समितीची देखरेख आणली. महाराष्ट्राने नागालँडची नक्कल करावी असे मी म्हणणार नाही. आपल्याकडची गटबाजी लक्षात घेता वेतनाची दोरी गावाच्या हाती देणे मला धोक्याचे वाटते. एका पॅनेलच्या घरी आधी भेट दिली म्हणून दुसऱ्या पॅनेलने आरोग्यसेविकेला छळल्याचे प्रकार वेतनाचा अधिकार नसतानाही घडतात. पण वेतन अडवणे आणि उत्तर मागणे यांत पुष्कळ अंतर आहे, आणि आपण त्या अंतरातील पहिले पाऊलही टाकलेले नाही.

येथे आशांच्या स्थितीविषयी बोलणे भाग आहे, कारण सारी रचना शेवटी तिच्या खांद्यावर उभी आहे. राज्यात सुमारे ७० हजार आशा आहेत. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला, आणि त्याच्या आगेमागे मानधनासाठी त्यांना महाराष्ट्रात वारंवार संपावर जावे लागले, हे चित्र आपल्याला शोभणारे नाही. पण मानधनाखेरीज आणखी एक गाठ आहे. आशाच्या कामाच्या दाव्यांवर आरोग्यसेविकेची आणि आरोग्य केंद्राची पडताळणी लागते. समितीची सचिव म्हणून तिनेच त्याच आरोग्यसेविकेच्या गैरहजेरीविषयी, त्याच केंद्रातील औषधांच्या तुटवड्याविषयी लिहावे, अशी आपली अपेक्षा असते. दुसऱ्या बाजूला सरपंच किंवा अध्यक्ष सदस्य हे तिच्याच गावातील वजनदार घरचे असतात. जिचा महिन्याचा मोबदला एकाच्या सहीवर आणि जिचे गावात राहणे दुसऱ्याच्या मर्जीवर, तिने परखड इतिवृत्त लिहावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. बैठक बोलावणे आणि माहिती मांडणे हे काम आशाने जरूर करावे. परंतु तक्रार व प्रश्न यांची नोंद आणि पाठपुरावा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या जुन्या ग्रामसेवकांकडे, अधिकृत जबाबदारी म्हणून द्यावा. पत्र ग्रामपंचायतीच्या जावक क्रमांकाने गेले म्हणजे ते कोणा एका बाईचे गाऱ्हाणे राहत नाही.

पैशाचा प्रश्न उरतोच. अभियानाच्या सुरुवातीला ठरलेले १० हजार रुपये आजच्या गरजेला अपुरे आहेत, आणि पाचशे वस्तीच्या गावाला आणि पाच हजारांच्या गावाला एकच आकडा लावण्यात काय तर्क आहे, हे मला नोकरीत असताना कधी उमगले नाही. ही रक्कम लोकसंख्येच्या प्रमाणात वाढवावी आणि ती एप्रिल-मे महिन्यात, म्हणजे पावसाळ्यातील साथींपूर्वी, हाती पडावी. मात्र ग्रामपंचायतीजवळ आरोग्यासाठी पैसाच नाही, हे पालुपद खरे नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातील ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधील होता. याखेरीज स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत आरोग्यासाठी खर्च करण्याकरिता आयोगाने २०२१-२६ या पाच वर्षांत देशभरासाठी ७०,०५१ कोटी रुपयांची वेगळी शिफारस केली आणि त्यातील ४३,९२८ कोटी रुपये ग्रामीण भागासाठी होते. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. पेसा (आदिवासी भागातील पंचायतींसाठीचा कायदा) क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या निधीतून थेट मिळणाऱ्या ५ टक्के अबंध निधीत आरोग्य, स्वच्छता व शिक्षण हा खर्चाचा मान्य विषय आहे. हे सगळे निधी वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली, वेगवेगळ्या महिन्यांत येतात आणि आरोग्य समितीला त्यांचा पत्ताही नसतो. आराखडा बनवताना समितीचे लेखी मत घेतल्याशिवाय ‘आरोग्यदायी गाव’ या शीर्षकाखाली कोणतेही काम मंजूर करू नये, एवढा नियम केला तरी पेव्हर ब्लॉकची संख्या कमी होईल असा माझा अंदाज आहे.

लोकसहभागाविषयी एक भीती मात्र मला वाटते आणि ती बोलून दाखवली पाहिजे. सरकारी यंत्रणेला जे जमत नाही ते गावाच्या गळ्यात घालण्यासाठीही हा शब्द वापरला जातो. सपाट प्रदेशात पाच हजार आणि आदिवासी व डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष आहे. इमारत आहे, फलकावर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नवे नाव आहे, पण समुदाय आरोग्य अधिकारी किंवा आरोग्यसेविका नेमलेली नाही, अशा ठिकाणी गावाने कितीही बैठका घेतल्या तरी गुंतागुंतीची प्रसूती सुखरूप होणार नाही आणि सर्पदंशावरील लस बैठकीतून उत्पन्न होणार नाही. पद भरणे, औषध पुरवणे आणि १०२ व १०८ क्रमांकाचे वाहन वेळेवर पोहोचवणे ही शासनाची कामे आहेत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात शासकीय रुग्णालयातील प्रसूती, औषधे, तपासण्या, आहार आणि घरापासून रुग्णालयापर्यंतचा व परतीचा प्रवास २०११ पासून मोफत आहे. तो प्रत्यक्षात मोफत झाला की नाही, हे बाळंतिणीच्या सासूला विचारून नोंदवणे हे गावाचे काम. ही वाटणी स्पष्ट राहिली नाही, तर सहभागाच्या नावाखाली गरिबांकडून वर्गणी आणि श्रमदान घेतले जाईल आणि उत्तर कोणीच देणार नाही.

म्हणून ग्रामविकास आणि सार्वजनिक आरोग्य या दोन्ही विभागांकडे माझे मागणे मर्यादित आहे. त्यासाठी नवी समिती नको आणि नवे नाव तर नकोच. वर्षातील चार नियमित ग्रामसभांच्या आणि त्यांच्या आधी होणाऱ्या महिला सभांच्या विषयपत्रिकेवर गावाचे आरोग्य हा विषय, मागील इतिवृत्त कायम केल्यानंतर लगेच, बंधनकारक करावा. तो शेवटी ठेवला की घरकुलांच्या यादीवरचा वाद संपेपर्यंत मंडप रिकामा होतो. त्या वेळी आरोग्यसेविकेने किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने तिमाहीत झालेले जन्म, पाच वर्षांखालील बालकांचे मृत्यू, तीव्र कुपोषित बालकांची संख्या, पाण्याच्या नमुन्यांचे निकाल आणि उपलब्ध नसलेली औषधे वाचून दाखवावीत. माता किंवा बालक दगावल्यास आज त्याचे अन्वेषण होते, पण त्याचा निष्कर्ष तालुक्याच्या फाइलीत बंद होतो. कुटुंबाचे नाव न घेता, वाहन उशिरा आले की रक्त मिळाले नाही की निघायलाच वेळ झाला, एवढे तरी सभेला कळले पाहिजे. आणि सभेने ठरावाने विचारलेल्या प्रश्नाला तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावे. ते पुढच्या सभेत वाचले जावे, आणि उत्तर न आल्यास तसे इतिवृत्तात नोंदवून ठराव जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीपुढे आपोआप जावा. प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्याच अखत्यारीत असल्याने यासाठी मंत्रालयापर्यंत जाण्याचीही गरज नाही. एखाद्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी मनावर घेतले तर त्यांच्या जिल्ह्यापुरते हे परिपत्रक येत्या ग्रामसभेपूर्वी निघू शकते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सहायक